दार्काच्या डोंगरासाठी लेन्स

ओरेस्ट ह्रिन्किव्ह हे माझे शेजारी. आमच्या युक्रेनी घरांत काकाला वुयको म्हणतात, म्हणून रक्ताचं नातं नसतानाही ते माझे वुयको आणि त्यांची बायको दार्का ही माझी तेता, म्हणजे काकू. सस्कॅचेवानच्या सपाट मुलखात, आमच्या गावातल्या धान्याच्या कोठारावर गव्हाच्या ट्रकांचं वजन करण्यात वुयकोंचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला आणि शेतं, आभाळ, वादळाचे ढग असे फोटो काढायला लागले. आमच्याकडे फोटो काढायला तेवढंच आहे, आणि तेवढं पुष्कळ आहे.

तेता मात्र इथली नव्हती. ती अल्बर्टातल्या क्रोजनेस्ट खिंडीतली, कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या बापाची लेक. लग्न ठरलं तेव्हा बाप म्हणाला होता, "त्या मुलखात मुलगी द्यायची? तिथे पाठ टेकायला एक भिंतसुद्धा नाही!" दोघांच्या लग्नाला तो आला नाही. पुढे खाणीची धूळ छातीत साठून गेला. तेताचं माहेर तिथेच संपलं.

मागच्या उन्हाळ्यात तेताच्या हृदयाने दगा दिला. नाकात प्राणवायूची नळी आली, आणि नळीबरोबर घरघरणारं यंत्र. डॉक्टरांनी लांबचा प्रवास आणि उंचावरची हवा दोन्हीला मनाई केली. घरी आल्यावर एका संध्याकाळी ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "आता म्हातारा काही परत दिसत नाही."

"कोण म्हातारा?" वुयकोंनी विचारलं.

"आमच्या घरामागचा डोंगर. आम्ही बहिणी त्याला म्हातारा म्हणायचो. घराच्या धुराड्यावर हनुवटी टेकून बसलेला असायचा."

"इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस."

"बोलून काय, तू डोंगर आणून दिला असतास?"

वुयको दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे. मोतीबिंदूमुळे त्यांना लांबवर गाडी चालवता येत नव्हती. "लेस्या, तुला सुट्टी कधी आहे?"

निघायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन लेन्सा मांडून ते बसले होते. एक वाइड, छोटीशी, त्यांची लाडकी. आपल्याकडचं आभाळ त्या एकीतच मावतं. दुसरी टेली, दूरचं जवळ दाखवणारी, हातभर लांब, स्थलांतर करणाऱ्या हंसांसाठी घेतलेली. तेता तिला तोफ म्हणायची.

"डोंगराला वाइडच," वुयको म्हणाले. "आमच्या फोटोक्लबात सगळे तेच म्हणतात. एवढा मोठा डोंगर, तो मावायला नको?"

"तोफ पण घ्या की," मी म्हटलं. "गाडीला काय जड होतंय?"

"माझ्या खांद्याला होतं."

"खांदा लेस्याचा आहे ना तरणा," तेता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून पिरोही, म्हणजे आमचे उकडलेले कानवले, लाटत होती, तिथूनच बोलली. "दोन्ही घेऊन जा. नाहीतर तिथे जाऊन तोंड पाडून बसशील, आणि तुझ्या तोंडाचाच फोटो घेऊन येशील."

तर दोन्ही घेतल्या.

खिंडीत पोचलो ते वाऱ्यात. तिथला वारा माणसाला दारातून बाहेर पडूच देत नाही. तेताचं घर उभं होतं. आता त्याला हिरवा रंग होता, आणि अंगणात कुणा मुलांची उड्या मारायची जाळी. नव्या मालकिणीने हसून सांगितलं, "काढा हवे तेवढे फोटो. बायको इथली का? मग चहा प्यायला या."

वुयको रस्त्यावर उभे राहिले आणि वाइडने फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र मी माझ्या फोनने टिपून तेताला पाठवलं आणि लगेच स्पीकरवर फोन लावला.

"घर छान दिसतंय," ती म्हणाली. "पण म्हातारा आजारी आहे का रे? असा एवढासा का झालाय?"

खरंच, घर भलंमोठं आणि मागे डोंगर वारुळाएवढा. वुयकोंनी डोळे वर करून खऱ्या डोंगराकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी तोफ लावली, तिथूनच पुन्हा फोटो काढला आणि मी तोही पाठवला.

"आता ही कसली दगडाची भिंत?" तेता हसली. "माझं घर कुठे गेलं?"

"एकात घर आहे तर डोंगर नाही, दुसऱ्यात डोंगर आहे तर घर नाही," वुयको माझ्यावरच चिडले. "तिला जे आठवतंय तसं कधी नसेलच! लहान मुलांना सगळंच मोठं दिसतं."

हे तेताने ऐकलं. ती रागावली नाही. हळू आवाजात म्हणाली, "ओरेस्ट, मागे जा. रेल्वेचे रूळ ओलांड. चर्चमागच्या टेकडीवर चढ. रविवारी आम्ही तिथून घरी यायचो, तेव्हा तो तसा दिसायचा. मी खोटं नाही सांगत."

"तू कशाला खोटं सांगशील," वुयको म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उतरला होता.

त्या टेकडीवर गावाची दफनभूमी आहे. आम्ही दमत, थांबत वर गेलो. तोफ माझ्या खांद्यावर होती. वर पोचून वुयकोंनी ती लावली, डोळा टेकवला आणि तसेच राहिले.

"लेस्या, बघ."

मी पाहिलं. खाली दूर ते हिरवं घर, आणि त्याच्या बरोब्बर मागे, सगळं आभाळ अडवून, डोंगर. धुराडं त्याच्या हनुवटीला लागलेलं. घरापासून इतके लांब आलो तेव्हा कुठे तो घराजवळ आला होता.

पण वारा. कॅमेऱ्याचं तिकाटणं थरथरत होतं आणि एवढ्या लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये प्रत्येक थरथर दिसत होती. काढलेले सगळे फोटो पुसट. वुयको टेकायला काहीतरी शोधत इकडे तिकडे फिरले आणि एका बुटक्या दगडापाशी थबकले. त्यावर युक्रेनी अक्षरांत नाव होतं. तेताच्या वडिलांचं.

या माणसाला ते जन्मात एकदाच भेटले होते, तेही दारातच. वुयकोंनी टोपी काढली. मग अंगातलं जाकीट काढून घडी केली, दगडावर ठेवली आणि तिच्यावर तोफ टेकवली.

"सासरेबुवा," ते म्हणाले, "जरा घट्ट धरा. तुमच्या दार्कासाठीच आहे."

मी क्षणभर पाठ फिरवून रुळांकडे पाहिलं. त्यांच्या अंगात नुसता सदरा, वाऱ्याने फडफडत होता. वारा जरा पडायचा तेव्हाच ते बटण दाबायचे, मग पुन्हा वाट पाहायची.

फोटो पाठवला आणि पुन्हा फोन लावला. फोनवर कितीतरी वेळ यंत्राचाच आवाज. वुयको घाबरले. "दार्का? ऐकतेस ना?"

"थांब रे. बघू दे."

आम्ही थांबलो.

"ओरेस्ट, जाकीट घाल," ती शेवटी म्हणाली. "तुझे दात वाजताहेत, मला ऐकू येतंय."

घरी आल्यावर वुयकोंनी तो फोटो मोठा करून जेवणाच्या टेबलासमोर लावला. त्या हिवाळ्यात तेता रोज सकाळी त्याच्यासमोर बसून पाव खायची आणि बोलायची: आईने कपडे कुठे वाळत घातले, खाणीचा भोंगा अवेळी वाजला की बाया कशा धावत सुटायच्या, बाप आंघोळ झाल्यावरही पापण्यांत काळा कसा राहायचा. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईचं बालपण वुयको पहिल्यांदा ऐकत होते. मध्येच विचारायचे, "मग?" आणि चहा निवून जायचा.

वसंतात क्लबाने प्रदर्शनासाठी तो फोटो मागितला, तर वुयको म्हणाले, माझा नाही, तिला विचारा. तेता प्राणवायूची नळकांडी ओढत स्वतः सभागृहात गेली. कुणीतरी कौतुकाने विचारलं, हा कुठल्या लेन्सने काढलात हो?

वुयको उत्तर द्यायला पुढे झाले. तेताने त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि विचारणाऱ्याला बोटाने दाखवत म्हणाली, "हे धुराडं दिसतंय ना? त्याच्या खाली आमची चूल होती. तिच्यापाशी मी झोपायची."