अर्ध्या दाढीचे श्रोते

दोघा न्हावी भावांतल्या धाकट्याला ते धर्मपंडित सापडले वस्तऱ्यावरचा फेस पुसताना. रद्दीतून आणलेल्या जाडजूड पुस्तकाची पानं तो त्यासाठी फाडत असे. सुरुवातीचा सगळा भाग असाच केराच्या टोपलीत गेला. मग एका पानावर नजर अडकली. ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या काळातले विद्वान तावातावाने भांडत होते: एकाच प्रभूत देव आणि माणूस असे दोन कसे नांदतात? फेसाने माखलेलं गिऱ्हाईक तसंच ठेवून धाकटा वाचत बसला.

तेव्हापासून पठ्ठ्याने नियमच केला. डावा गाल झाला की वस्तरा खाली, पुस्तक वर आणि मोठ्याने वाचन सुरू. उजवा गाल उद्या, पुढच्या भागासोबत. तोवर डावा पुन्हा वाढायचा, त्यामुळे कुणाचीच दाढी कधी पुरी होईना. बाजारात अर्ध्या दाढीची माणसं एकमेकांना गाठून हुज्जत घालू लागली.

"दोन म्हणजे दोनच!"

"अहो, मग वेगळे काढून दाखवा की!"

बँकेतल्या कारकुनाने उजव्या गालापासून सुरुवात करून घेतली, तर बाकीच्यांनी त्याला वाळीत टाकलं.

शेजारच्या खुर्चीवरचा थोरला भाऊ मात्र विटला. वडिलांनी दोघांना मिळून दिलेल्या दुकानाचं हसं झालेलं त्याला बघवेना. "मध्ये फळ्याच ठोकतो. तुझं तू, माझं मी!"

दादाशिवायचं दुकान धाकट्याने स्वप्नातही पाहिलं नव्हतं. तोंडातून मात्र निघालं, "ठोक की!"

सुतार फळ्या घेऊन आला. माप घेऊन म्हणाला, "आरसा एकच आहे हो, कापावा लागेल." मग हनुवटी खाजवत, "आलोच आहे तर दाढी उरकतो," म्हणून नेमका धाकट्याच्या खुर्चीत बसला. झालं! रोज एक गाल, रोज एक भाग. फळ्या भिंतीला टेकून उभ्याच.

शेवटी थोरल्याने सुताराला दंडाला धरून आपल्या खुर्चीत आणलं. "ह्याचा दुसरा गाल मी करतो. आज फळ्या लागल्याच पाहिजेत!"

धाकट्याने पुस्तक मिटलं. त्याला रडू आवरेना.

थोरल्याने फेस लावला, वस्तरा टेकवला. गाल अर्धा झाला आणि त्याचा हात थांबला. आरशातूनच धाकट्याकडे बघत तो गुरकावला,

"गप्प का बसलास? काल आपण कुठवर आलो होतो?"