हॉट प्रेसमधल्या बाटल्या

धाडकन आवाज झाला आणि मी आधी बाळाकडेच पळाले, वाटलं पाळणाच कोसळला. पोरगी पाळण्यात उभी राहून रडत होती. डोकं, हात, पाय, सगळं चाचपलं, कुठे काही नव्हतं. मग बाहेर जिन्यापाशी आले तर हॉट प्रेसच्या दाराखालून फेस येत होता, आणि वास, आंबलेल्या पावासारखा.

हॉट प्रेस म्हणजे इथलं गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. लोक त्यात टॉवेल ठेवतात, मी बाळाचे कपडे ठेवायचे आणि इडलीचं पीठ, कारण इथे नावन गावच्या थंडीत ते दुसरीकडे फुगतच नाही. लॉकडाऊनमध्ये पब बंद झाले तसा नवऱ्याने घरी बिअर करायचा डबा मागवला. आत माल्टचा पाक, काकवीसारखा घट्ट, काळा. बादलीत पाणी, साखर, यीस्ट घालून मागच्या दाराशी ठेवलं. बुडबुडे थांबले तसा म्हणाला, झाली. गारठ्याने थांबले असणार, आतली साखर तशीच उरलेली, पण तेव्हा कुणाला माहीत. बाटल्यांत भरली, वर परत साखर, आणि सगळ्या हॉट प्रेसमध्ये. म्हणाला, "तुझं पीठ फुगतं तिथे, माझी बिअर पण फुगू दे." मी हसले पण होते.

दार उघडलं तर झबल्यांत काचा. बाकीच्या बाटल्या तशाच उभ्या. आत काहीतरी टिक वाजलं, मी दार लोटलं आणि त्याला फोन लावला. तो ड्रोहेड्याला, पलीकडच्या गावात, हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला.

"एकच फुटली ना? मग?"

"अरे, पोरगी त्याच दारापाशी खेळते."

"दार लाव ना मग."

"त्याला कडी कुठेय?"

"आल्यावर बघतो. तू ओतून टाकू नकोस हां, सांगून ठेवतो."

टाकीचं बटण बंद केलं, दाराला खुर्ची लावली, पोरीला कोटात गुंडाळलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. पाऊस होता. शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून विचारायला लागली, काय झालं गं पोरी. मला इंग्रजीत जमेना, मी म्हटलं, बिअर, बूम. ती हसली, मग माझं तोंड बघून आत गेली. तेव्हा कुणी कुणाला घरात घेत नव्हतं. तिने छत्री आणून भिंतीवर ठेवली आणि मागे सरकली, मग मी घेतली.

नवरा आला तो चिडूनच. "सगळ्या गल्लीला तमाशा दाखवलास." एक बाटली मागच्या अंगणात नेऊन उघडली, फेस पार भिंतीवर गेला. उरलेली प्यायला. "ग्रँड आहे की," म्हणाला, इथे मस्तला ग्रँडच म्हणतात. "आता गार झाल्यात, काही होत नाही." आणि बाकीच्या होत्या तिथेच ठेवल्या. मी म्हटलं निदान बाहेर तरी ठेव. तर म्हणे बाहेर थंडीत खराब होतील.

सकाळी तो ड्युटीला गेला. घरात मी, पोरगी आणि ते बिनकडीचं दार. बाटली उघडायला जावं तर हातात फुटायची भीती, उचलून बाहेर न्यावं तरी तीच, ठेवावं तर पोरगी रांगत तिकडेच जाते, आणि ओतल्या असत्या तर संध्याकाळी तो काय म्हणाला असता ते वेगळंच. मी पोरीला कडेवर घेऊन जिन्यातच बसून राहिले, वर जाईना, खाली जाईना. तुम्ही असता तर काय केलं असतं?