पत्राखालचा आकडा

पडताळा सरांचा स्वतःच्या सहीवर काडीचाही विश्वास नव्हता. नाशिकच्या आमच्या कॉलेजात ते गणित शिकवत. उत्तर बरोबर असो की चूक, "पडताळा पाहिलास का?" हे विचारल्याशिवाय पुढे जात नसत, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं. कौतुक मात्र त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले तेव्हाही नुसतं "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा मला कितीतरी दिवस राग होता.

सहीवरून त्यांचं मन उडालं ते आमच्यामुळे. कुणीतरी त्यांची हुबेहूब सही ठोकून 'उद्या तास नाही' अशी नोटीस लावली आणि सर रिकाम्या बाकांसमोर तासभर बसून राहिले. रागावले नाहीत. ग्रंथालयात महिनेमहिने उशिरा येणाऱ्या एका परदेशी मासिकातून त्यांनी नवीच युक्ती शोधून काढली.

त्यांनी दोन आकडे तयार केले. झाकला आकडा फक्त त्यांना ठाऊक. उघडा आकडा फळ्याशेजारी सगळ्यांसाठी लावलेला, पण त्यावरून झाकला काढता येत नसे. नोटिशीतल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देऊन त्यांची एक संख्या बनवायची, ती झाकल्या आकड्याने फिरवायची आणि येईल ते तळाशी लिहायचं. उघड्या आकड्याने कुणीही ते उलट फिरवून मजकुराशी ताडून पाहावं. आम्ही खोडसाळपणे 'आठ वाजता'चं 'नऊ वाजता' केलं, तर पहिल्या बाकावरच्या मुलीने पाच मिनिटांत लबाडी पकडली. सर म्हणाले, "सही फक्त माणूस सांगते. आकडा माणूसही सांगतो आणि तो काय बोलला तेही सांगतो."

पुढे मला सातपूरच्या एका कारखान्यात संगणकावर नोकरी लागली आणि सर निवृत्त होऊन सटाण्याला गेले. दर महिन्याला त्यांचं पत्र येई, चार कोरड्या ओळी आणि खाली आकडा. मी पडताळ्याचा प्रोग्रॅमच लिहून टाकला. जेवणाच्या सुट्टीत अक्षरांचे क्रमांक भरायचे, की यंत्र 'जुळलं' असं कळवी.

एकदा पत्र काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, अक्षरात आलं. सरांचा उजवा हात अर्धांगाने गेला होता. 'मी बरा आहे. नवीन नोकरी सोडून येऊ नकोस.' खाली आकडा होताच. तो जुळला नाही. मी दोनदा क्रमांक भरले. सरांचं डोकं आता चालत नाही, असं वाटून मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी साहेबांची बोलणी खाऊन सटाण्याची बस धरली.

सर खाटेवर होते, पण पुरते शुद्धीवर. मी पत्र पुढे केलं, तशा काकू दचकल्या.

"तुले कसं समजनं?"

सरांनी सांगितलेला मजकूर त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर कच्चा उतरवला होता. त्यावरून सरांनी मनातल्या मनात आकडा काढला. पक्कं पत्र लिहिताना मात्र, पोरीची नोकरी नवी आहे, उगाच धावत येईल, म्हणून काकूंनी मजकूरच बदलला. ऐकून सर कितीतरी वेळ हसत होते. मी संध्याकाळपर्यंत त्यांच्याजवळ बसले. आठ दिवसांनी ते गेले.

निघताना काकूंनी तो कच्चा कागद माझ्या हातात दिला होता. त्यावर लिहिलं होतं, 'मी बरा नाही. तुझी फार आठवण येते, येऊन जा.' असं सर कधी बोलतील हे मला खरं वाटेना. काकूंनीच माझ्या समाधानासाठी लिहिलं असेल, असं मन म्हणत होतं. सर गेल्यावर एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्या कच्च्या मजकुराचे क्रमांक एकेक करून भरले आणि पत्राखालचा तोच आकडा दिला.

जुळलं.