टाके निघेपर्यंतची कडी

आमच्या गावात घरांना दारं नाहीत, एवढं म्हटलं की गावाचं नाव सांगावं लागत नाही. नगर जिल्ह्यातल्या माणसाला तर नाहीच नाही. चौकटी आहेत, पडदे आहेत, रात्री भटकी कुत्री शिरू नयेत म्हणून टेकवायच्या फळ्या आहेत. कडीकोयंडा नाही. राखणारा शनिदेव आहे. त्याच्याच रस्त्यावर माझं तेलाचं, काळ्या कापडाचं आणि रुईच्या माळांचं दुकान आहे. पन्नाशी उलटून गेल्यावर, गेल्या वर्षी, मी माझ्या घरात कडी लावली. बायको आणि थोरला भाऊ सोडून हे कुणाला ठाऊक नाही. मी फार बोलणारा माणूस नाही. पण हे आता सांगून टाकतो.

आमच्याकडे एक गावठी कुत्री आहे, तांबड्या रंगाची. पिल्लू असताना दुकानातल्या तेलाच्या डब्यांमागे येऊन बसली ती उठलीच नाही. दिवाळीनंतर तिचं पोट वाढायला लागलं. माजावर येऊन महिना-दीड महिना झाला होता, म्हणून आम्ही ती गाभण आहे असं धरून चाललो. बायकोने बाजरीचा घाटा सुरू केला, वर गूळ. शेजारच्याच घरात राहणारा भाऊ म्हणाला, "एक पिल्लू माझं. काळं निघालं तर आधी माझं, मंग बाकीच्यांचं." ती पाणी भारी प्यायची, ठेवलेलं भांडं क्षणात रिकामं. आम्ही म्हणायचो, पोटात चार-पाच जीव आहेत, तहान लागायचीच. मग तिने खाणं सोडलं. एक दिवस सकाळी उलटी करून जी पडली ती उठेना. दुकानाचा माल आणणाऱ्या टेम्पोत पोतं अंथरून तिला घातली आणि नगरला नेली.

जनावरांची डॉक्टर तरुण बाई होती. तिने पोटावरचे केस काढले आणि सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं.

"किती पिल्लं आहेत?" मी विचारलं.

"एकही नाही. गर्भपिशवीत पू झालाय." तिने पडद्यावर काळे गोळे दाखवले. "पिशवीचं तोंड बंद आहे, म्हणून बाहेरून तुम्हाला काही दिसलं नाही. आजच काढावी लागेल, नाहीतर आत फुटेल. पिल्लं न होण्याचं ऑपरेशन आधी करून घेतलं असतं तर हे झालंच नसतं. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

सांगितलं होतं. घोडेगावच्या बाजारात जनावरांचं शिबिर लागलं होतं तेव्हा एका डॉक्टरने नीट समजावून सांगितलं होतं. मुक्या जिवाचं असलं काही आपल्याला नको, म्हणून मी तिथून निघून आलो होतो. पाप लागेल असं वाटलं होतं. डॉक्टरबाईंना मात्र म्हणालो, "नाही बुवा, कुणी नाही सांगितलं."

आत ऑपरेशन चाललेलं आणि मी बाहेर बाकावर. शेजारी एक बाई मांडीवर मांजर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुमचं काय?" मी म्हणालो, "कुत्री." बऱ्याच वेळाने डॉक्टरबाईंनी आत बोलावून स्टीलच्या ट्रेमध्ये काढलेली पिशवी दाखवली. सायकलची ट्यूब हवा भरून दुमडून ठेवावी तशी दिसत होती. हे पोटात घेऊन ती रोज माझ्याबरोबर दुकानापर्यंत चालत येत होती, आणि आम्ही तिला घाटा चारत होतो.

"वाचेल," त्या म्हणाल्या. "पण पुढचं तुमच्यावर आहे. उडी नको, पळणं नको, टाके चाटायला नकोत. टाके निघेपर्यंत बंद खोलीत ठेवा. कुठले तुम्ही?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मग बंद खोली कुठून आणणार?"

"फळी लावतो."

"फळीला जुमानेल ती?"

"आजारी आहे हो ती."

"आज आहे. परवा बघा. कुत्र्याला ऑपरेशन झालेलं कळत नाही, बरं वाटलं एवढंच कळतं."

गळ्यात प्लास्टिकची मोठी कॉलर घालून, लाऊडस्पीकरच्या कर्ण्यासारखं तोंड करून ती घरी आली. मागच्या खोलीतला माल हलवून आम्ही सतरंजी टाकली. गोळ्या पेढ्यात दडवून द्यायचो. पेढ्यांना आमच्या गावात तोटा नाही. बायको सकाळी तिच्यापाशी बसायची, मी दुपारी आणि रात्री.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दुधाची किटली घेऊन आला. तो रोजच येतो, आणि हाक मारून येत नाही. आमच्याकडे कुणीच मारत नाही. त्याने फळी बाजूला केली आणि म्हणाला, "कुठंय आमची बाळंतीण?"

त्याचा आवाज ऐकला आणि तिने सरळ त्याच्या छातीवर झेप घेतली. कर्णा त्याच्या हनुवटीला लागला, दूध सांडलं. "आगं, आधी भोंगा तर काढ!" तो हसून हसून खाली बसला. मीही हसलो. मग मला पोटावरच्या पट्टीवर रक्त दिसलं.

भाऊ गेल्यावर मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरबाईंना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "बाहेरचा एक टाका सैल झालाय, त्याचं बघू. पण आतले सुटले तर आतडी बाहेर येतील, मग माझ्याही हातात काही राहणार नाही. उडी कशाला मारली तिने?"

"माझा भाऊ आला होता. त्याला पाहिलं की तिला धीर निघत नाही."

"मग टाके निघेपर्यंत भावाला येऊ देऊ नका. सोपं आहे."

त्यांना सोपं होतं. वडील गेल्यावर मला शाळेत घालणारा तो, दुकान टाकून देणारा तो. त्याला 'दादा, थोडे दिवस येऊ नका' असं कसं म्हणायचं? ऐकलं असतं त्याने, त्यात शंका नाही. मलाच जमेना. वाक्य जुळवून पाहिलं. न्हाणीत जाऊन मोठ्याने म्हणून पाहिलं. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि विचारलं, "म्हशीचं कसंय?" त्या दुपारी मोटरसायकल काढून घोडेगावला गेलो आणि कडी विकत घेतली. एक वाक्य बोलण्यापेक्षा मला ते सोपं गेलं.

"कशाला पाहिजे?" हार्डवेअरवाल्याने विचारलं.

"विहिरीवर मोटारीची पेटी हाय, तिला."

"पेटीला एवढी मोठी?"

"पेटी मोठी हाय."

बायकोने कडी पाहिली आणि पदर तोंडाला लावला. "अहो, हे काय करताय?"

"टाके निघेपर्यंत."

तिने देवळाच्या दिशेला हात जोडले आणि मागच्या खोलीची फळी धरायला आली. "देवानं विचारलं तर माझं नाव सांगू नका म्हंजे झालं."

बिजागऱ्या लावल्या नाहीत, म्हणजे हे दार नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली. कडी कुत्रीला आत ठेवण्यासाठी आहे, माणसाला बाहेर ठेवण्यासाठी नाही, अशीही घातली. ते खरं नव्हतं. कुत्री निजून असायची. कडी भावासाठी होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या यायच्या वेळी मीच आत कडी घालून बसलो. त्याने फळी ढकलली. "आरं, सरकंना का ही?"

"कुत्री टेकून बसलीय, दादा," मी आतून म्हणालो. कुत्री माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती.

"मंग उठीव की तिला."

"हलवू नका म्हनल्यात डॉक्टर."

तो बराच वेळ फळीच्या पलीकडे जमिनीवर बसून राहिला. "काय गं भवाने, माजलीस व्हय? मला वाट देत न्हाईस?" असं काहीबाही तिच्याशी बोलत होता. इकडे ती शेपूट आपटत होती आणि मी तिचा पट्टा धरून बसलो होतो. मग हे रोजचंच झालं. रोज तो ढकलून बघायचा, रोज मी तेच सांगायचो.

इथपर्यंतचं कुणीही माफ करील. यापुढचं सांगायला मला वर्ष लागलं.

दुपारी दुकान नोकराकडे सोपवून मी यायचो, कडी घालायचो, सदरा काढायचो आणि तिच्याशेजारी सतरंजीवर पडायचो. बाहेर माणसं येत-जात. कुणी तेलाचा भाव विचारायला, कुणी उगाच. फळीवर थाप पडे. बायको सांगे, "कुत्रीला औषध देत्यात." माणूस निघून जाई. लॉजवर बंद खोलीत मी झोपलोय, पण ते आपलं घर नसतं. माझ्या घरात, जन्मात पहिल्यांदा, मी झोपलेला कुणाला दिसत नव्हतो. तोंड उघडं टाकून झोपलो. पोटावर हात ठेवून नुसता आढ्याकडे बघत पडलो. आणि मी बोलायला लागलो. मी, ज्याला बायको 'मुखस्तंभ' म्हणते. शिबिरातून निघून आलो ते तिला सांगितलं. तुझं पोट वाढत होतं तेव्हा मी पिल्लं मोजत होतो, हे सांगितलं. ती कर्ण्यातून माझ्याकडे बघायची आणि सुस्कारा टाकायची. कुत्र्यांचा सुस्कारा फार शहाणा वाटतो. त्यात बहुतेक काही नसतं. पण मला त्या दुपारी इतकं बरं वाटायचं की सकाळपासून मी त्यांची वाट बघायचो.

टाके काढायला नगरला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी जखमेवरून बोट फिरवलं. "छान भरलीय. दार नसताना एवढं जमवलंत तुम्ही?"

"फळी होती," मी म्हणालो.

घरी आल्यावर कॉलर निघाली आणि कुत्री अंगणात गोल गोल धावली. बायको म्हणाली, "आता ते काढा." मी म्हणालो, स्क्रू ड्रायव्हर दुकानात राहिलाय. दुसऱ्या दिवशी शनिवार, गर्दीत जमलं नाही. मग अमावस्या आली. बायकोने विचारायचं सोडलं आणि माझ्याकडे नुसतं बघायला लागली. रोज दुपारी मी मागच्या खोलीत जाऊन कडी घालत होतो, आणि आता कुत्री आत नसायची.

एका दुपारी बायको दळण आणायला गेली होती. फळीवर थाप पडली.

"आरं?"

मी अर्धवट झोपेत होतो. तोंडातून सवयीने निघून गेलं, "कुत्री टेकून बसलीय, दादा."

पलीकडून भाऊ म्हणाला, "कुत्री तर हितं माझ्या पायाशी हाय. आत कोन टेकून बसलंय?"

मी उठलो. सदरा घातला. कडी काढली तर तिचा आवाज झाला, आणि तो आवाज आमच्या घरात कुणी कधी ऐकलेला नव्हता. भावाने आधी कडी पाहिली, मग सतरंजी, मग उशी, मग मला.

"कवापासनं?"

"तिनं तुमच्या अंगावर उडी मारली, टाका सैल झाला, तवापासनं."

"म्हंजी माझ्यापायी?"

"व्हय."

"आन आता? आता तर ती हरणासारखी पळतीय."

न्हाणीत पाठ केलेलं असं काही माझ्याजवळ नव्हतं. म्हणून जे होतं ते बोललो. "दुपारचं घटकाभर एकट्यानं पडावं वाटतं, दादा. कुनी बघू नये वाटतं. आवडलं मला."

तो चौकटीला धरून उभा राहिला. देवाचं त्याला फार आहे. परगावी लॉजवर झोपला तरी तो आतून कडी घालत नाही. त्याचं तोंड उतरलं होतं आणि ते माझ्यामुळे उतरलं होतं.

"एवढंच हुतं तर बोलायला काय झालं हुतं?" तो म्हणाला. "मी काय वाघ हाय? सारा जलम तोंडाला कडी घालून बसलास, ती बस झाली न्हाई व्हय, म्हनून ही आनलीस?"

"चुकलं," एवढंच मी बोललो.

"काढ ती. माझ्यासमोर काढ. आन शनिवारी देवाला तेल घाल. तुझ्या दुकानातलं न्हाई. इकत घे."

मी स्क्रू ड्रायव्हर आणला. तो दुकानात नव्हता, देवघराखालच्या खणात होता. भावाने ते पाहिलं. शनिवारी मी समोरच्या दुकानातून तेल विकत घेतलं. समोरच्याने बाटली हातात दिली आणि माझ्या दुकानातल्या डब्यांच्या रांगेकडे बघत राहिला. "काही विशेष?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "तुझं चांगलं असतं म्हणतात."

भाऊ काही दिवस आला नाही. दूध पुतण्याकडून यायचं. कुत्रीच त्याच्या घरी जाऊन बसायची, संध्याकाळी परतायची. तिच्या पोटावर केस पुन्हा आले होते आणि ती पहिल्यापेक्षा जाड झाली होती. बायकोला मी सगळं सांगितलं, दुपारी मला काय हवं असतं तेही. ती म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर मीच उंबऱ्यात बसले असते की." आता ती दुपारी रुईच्या माळा तिथेच ओवत बसते. येणाऱ्याला सांगते, पडल्यात, मग या. लोक ऐकतात. इतकं साधं होतं ते.

मग एका दुपारी, बायको उंबऱ्यातून उठून चहा टाकायला गेली असताना, मला पडद्याबाहेर खोकल्याचा आवाज आला. भाऊ होता. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या घरात थांबून खोकला होता.

"पडलायस का?" त्याने विचारलं.

"व्हय, दादा."

"पड मंग. किटली ठिवलीय."

माझ्या पायाशी निजलेली कुत्री उठली, अंग झाडलं, पडद्याखालून बाहेर गेली आणि त्याच्यामागे चालू लागली. मला त्याच्या चपलांचा आवाज अंगणापर्यंत ऐकू आला. मी उठलो नाही.