गुंड्याच्या नाकावरचा पट्टा

कुत्रा पाळणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. काळ्या पँटला केस चिकटतात तसे ते आपोआप चिकटतात, आणि ऑफिसात चौथ्यांदा तोच किस्सा सांगायला लागलो की समोरचा हळूच फोन काढतो. म्हणून आज एकदाच काय ते सांगून टाकतो, म्हणजे माझं डोकं हलकं होईल आणि तुमचं तुम्ही बघा!

आमचा कुत्रेवाल्यांचा ग्रुप परळचा. सकाळी साडेसहाला मैदानाच्या कडेला जमतो. तिथे माणसांना नावं नसतात. मी 'चिमीचा बाबा'. माझं नाव नितीन आहे हे फक्त शालिनीताईंना माहीत, कारण त्या आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. आणि त्या स्वतः 'गुंड्याची आई'.

गुंड्या म्हणजे छत्तीस किलोचा लॅब्रेडोर. आणला होता भाऊंनी, म्हणजे ताईंच्या मिस्टरांनी. दोन वर्षांपूर्वी भाऊ गेले. गुंड्या त्याच घरात राहिला, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस तेवढा बदलला. भाऊ सहा फूट होते. ताई पाच फुटाला दोन इंच कमी, वय त्रेसष्ट.

* * *

व्हायचं तेच झालं. एका सकाळी समोरून मासेवाली मावशी पाटी घेऊन आली. ताईंनी पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. का? तर 'सुटायला नको!' सुटला नाहीच. गुंड्या पाटीपर्यंत गेला आणि ताईही गेल्या, आडव्या!

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "कशा पडलात?"

ताई म्हणाल्या, "पडले कुठे हो, मला नेलं!"

मनगटाचं हाड मोडलं. वडाळ्याहून अमित, त्यांचा मुलगा, धावत आला. अमित वाईट नाही हं. आईला प्लास्टरमध्ये बघून त्याचा चेहरा उतरला होता. पण त्याने तिथेच सांगितलं, "आई, प्लास्टर निघालं की मी येईन. तुझ्याबरोबर एक राउंड मारेन. त्याने तुला एकदा जरी ओढलं ना, तर तो माझ्या मित्राच्या फार्महाऊसवर, कर्जतला."

 घरी आल्यावर ताई मला म्हणाल्या, "नितीन, माझ्याशी घरात दिवसभर बोलणारं दुसरं कोण आहे रे?"

मी गुंड्याला फिरवायला नेलं. दोन दिवसांत माझाही खांदा गेला!

* * *

कुत्र्यांच्या डॉक्टरांनी मार्ग सांगितला. म्हणाले, "ताकदीत तुम्ही हरणारच. त्याचं नाक वळवा. नाक जिथे जातं तिथे बाकीचा कुत्रा जातो." म्हणजे हेड कॉलर. एक पट्टी कानांच्या मागून मानेवर, एक सैलशी नाकावरून, आणि दोरी हनुवटीखाली. कुत्र्याने ओढलं की तोंड आपल्याकडे वळतं, जोर जातो.

दादरच्या दुकानात फोन केला, तर त्याने मापं मागितली. ताईंनी ब्लाउजची टेप काढली. डाव्या हाताने नाकाचं माप घेतलं, ते नीट झालं. मानेचं घेईपर्यंत गुंड्याने टेप खायला घेतली. शेवटी मान मोजली ती माझ्या करगोट्याने! हसू नका, सुटसुटीत तेवढीच एक वस्तू होती.

दुकानात आमच्याबरोबर ग्रुपमधले देशपांडे पण आले. त्यांच्याकडे पग आहे, नाव राजा. देशपांड्यांचा स्वभाव असा, की दुसऱ्याने चष्मा घेतला तर आपणही नंबर तपासायचा. त्यांनीही एक हेड कॉलर उचलली. दुकानदार म्हणाला, "साहेब, पगला नाही बसणार."

"का नाही? छोटी साइज द्या ना!"

"साइजचा प्रश्न नाही साहेब. पट्टी ठेवायची कशावर? नाक कुठंय?"

देशपांड्यांनी वाकून राजाकडे नीट पाहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच पाहत असावेत! "खरंय," म्हणाले, आणि बिस्किटं घेऊन घरी आले.

* * *

डॉक्टरांनी बजावलं होतं, आठवडाभर बाहेर न्यायचं नाही. घरातच पट्टी हातात धरायची, त्याने आपणहून त्यातून नाक घातलं की खाऊ द्यायचा. ताई जमिनीवर बसायच्या, एका हातात पट्टीचा गोल, दुसरा हात प्लास्टरमध्ये, मांडीवर उकडलेल्या चिकनची वाटी. म्हणायच्या, "चला, नाक!" गुंड्या नाक घालायचा. चिकन. पुन्हा "चला, नाक!" पुन्हा चिकन. चार दिवसांत तो पट्टी बघून शेपटीने टीपॉय वाजवायला लागला.

मला वाटलं, जिंकलो! मी अतिशहाणा, पाचव्याच दिवशी त्याला घेऊन खाली उतरलो.

सिग्नलपर्यंत बरा आला. मग त्याच्या लक्षात आलं की नाकावर काहीतरी आहे आणि वाटी कुठेच दिसत नाही. बसला. मग आडवा झाला. बरोबर झेब्रा क्रॉसिंगवर! पंजाने नाक घासतोय, डोळे असे की बघणाऱ्याला वाटावं मी त्याला विकायला चाललोय. सिग्नल सुटला, हॉर्न सुरू. ट्रॅफिक हवालदार आले.

"आजारी आहे काय?"

"नाही साहेब. रुसलाय."

हवालदारांनी मान हलवली. घरी अनुभव असणार. म्हणाले, "मग ओरडू नका. ओरडून जास्त वेळ लागतो." आणि पाच मिनिटं गाड्या बाजूने काढून दिल्या, गुंड्या उठेपर्यंत!

ताईंनी मला झाडलं. "आठवडा म्हणजे सात दिवस रे, नितीन! बँकेत आहेस ना तू?"

* * *

पुढची शिकवणी परब काकांकडे झाली. काका अठ्ठ्याहत्तरचे, मिलमध्ये होते, गाव मालवणकडे. बिल्डिंगच्या गेटजवळच्या बाकावर बसतात. कुत्र्याला जाम घाबरतात. गुंड्या दिसला की पाय वर!

त्या दिवशी मात्र त्यांनी पाय वर घेतले आणि पुढे वाकून बघायला लागले. "अगो शालिनी, ही तर मोरकी! आमच्या बैलांक अशीच बांधीत!"

बैलाच्या तोंडाला बांधतात ती दोरीची मोरकी. आम्ही आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ बघत होतो, आणि जाणकार गेटवर बसलेला!

तिथून काकांचे क्लास सुरू. रोज सकाळी, दहा फुटांवरून, बाकावर पाय घेऊन. मी पट्टा ओढला की आरडाओरडा, "हिसको मारू नको रे मेल्या! मान मोडशील तेची! नुसती धर. मान वळली काय बैल वळता!"

"काका, कुत्रा आहे हा."

"ता माका कळता. तुका धरूक येना नाय, ता सांगतंय."

त्यांनीच सांगितलं म्हणून दोरी आखूड धरली, हिसका बंद केला. शिवाय हेड कॉलर आणि गळ्यातला साधा पट्टा यांना जोडणारी एक छोटी पट्टी होती, ती आम्ही 'कशाला' म्हणून काढून ठेवली होती. काका म्हणाले, "ती लाव. एक निसाटला तर दुसरा व्हया." लावली.

सहाव्या आठवड्यात प्लास्टर निघालं आणि ताईंनी स्वतः पट्टा धरला. गुंड्या त्यांच्या डाव्या पायाशी, दोरी सैल. त्या मैदानापर्यंत गेल्या आणि परत आल्या. गेटवर पोचल्यावर ताईंनी इतका मोठा श्वास सोडला की काका घाबरून म्हणाले, "काय गो, चावलो?"

* * *

चावण्यावरून आठवलं. ती नाकावरची पट्टी बघून अख्ख्या परळ-लालबागला वाटायचं की हे मुसकं आहे. कुत्रा तोंड उघडतोय, जांभया देतोय, बिस्किट खातोय, तरी लोक भिंतीला चिकटायचे. "चावतो का हो?" दिवसातून दहा वेळा! ताई दहा वेळा समजावायच्या, "नाही हो, हे ओढू नये म्हणून आहे."

मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की फुटपाथ रिकामा होतोय. भाजीवाल्याकडे गर्दी बाजूला होतेय. बाइकवाले फुटपाथवरून खाली उतरतायत, जे आजवर कोणालाच जमलं नव्हतं!

एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. यांचा नेहमीचा विषय, या वयात कुत्रा म्हणजे डोक्याला ताप, देऊन टाका. त्यांनीही विचारलं, "अगंबाई, चावतो की काय?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "माणूस बघून."

तेव्हापासून तो विषय जिन्यात पुन्हा निघाला नाही.

* * *

आणि मग तो रविवार आला. अमितचा राउंड. त्याने गाडी आणली होती आणि मागच्या सीटवर जुनी चादर अंथरली होती. ती चादर ताईंनी पाहिली, मीही पाहिली.

ताई आणि गुंड्या पुढे, अमित शेजारी. मागे वीस पावलांवर मी, चिमी, देशपांडे आणि राजा, सहज फिरायला निघाल्यासारखे. मटणाचं दुकान आलं. गुंड्याने मान वळवली, ताईंनी दोरी नुसती धरली, गुंड्या पुढे. मांजर आलं. पुढे. मासेवाली मावशी स्वतः आली! गुंड्याने ताईंकडे बघितलं, खाऊ घेतला, पुढे. देशपांड्यांनी माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी निळा होता.

परत येताना अमित म्हणाला, "दे, मी धरतो." आणि वाकून बघितलं. "आई, केवढं आवळलंयस गं! बिचारा." म्हणून मानेवरची पट्टी त्याने सैल केली. ती छोटी जोडपट्टीही काढून खिशात टाकली.

ताई "अरे, अरे" म्हणेपर्यंत कोपऱ्यावरून गणपतीच्या आगमनाची मिरवणूक वळली. फटाक्यांची माळ लागली. गुंड्याने मागे झटका दिला आणि अमितच्या हातात नुसती हेड कॉलर राहिली. कुत्रा गर्दीत गडप!

ढोल, पोरं, झेंडे, टेम्पो. अमित "गुंड्या! गुंड्या!" करत पिसाटासारखा धावत होता. मी एकीकडे, देशपांडे राजाला काखेत मारून दुसरीकडे. पाच मिनिटं. खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं. संपलं सगळं असंच वाटलं.

अमित हात हलवत परत आला. "आई, सॉरी... आई, मला दिसतच नाहीये तो."

ताई जागेवरून हलल्या नव्हत्या. त्यांनी त्याच्या हातातून हेड कॉलर घेतली, फुटपाथच्या कडेला बसल्या, पट्टीचा गोल समोर धरला आणि घरात म्हणायच्या तशाच म्हणाल्या, "चला, नाक!"

त्या ढोलात काय ऐकू जाणार? पण सरबताच्या गाडीखालून एक डोकं बाहेर आलं. थरथरत, पोट जमिनीला घासत गुंड्या आला आणि त्याने गोलात नाक घातलं. ताईंनी कानांमागची पट्टी लावली, गळ्याचा पट्टा गच्च धरला आणि मग त्यांचा बांध फुटला. माझाही. देशपांडे तर आधीपासूनच रडत होते!

अमित आईशेजारी फुटपाथवर बसला. घामाने निथळत होता. म्हणाला, "आई, पण आज बघितलंस ना? असा गर्दीत सुटला तर काय करणार तू?"

ताईंनी पदराने डोळे पुसले.

"पहिलीत असताना तू माझा हात सोडवून गणपतीच्या अशाच गर्दीत पळाला होतास. तीन तास सापडत नव्हतास. तुला पाठवलं का मी कर्जतला?"