बापांची नाही, फादर!

एकाच चर्चला वर्षानुवर्षं जात राहिलं की किश्शांचा ढीग होतो. अमरावतीच्या आमच्या चर्चचे किस्से सांगायला बसले, की दर दुसऱ्या किश्शात माझी मार्था मावशी असतेच. सध्या मी ते सगळे रोज तिलाच सांगते. दिवाळीनंतर तिला लकव्याचा झटका आला आणि बोलणं बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना कळतंय. जुन्या गोष्टी सांगत राहा, शब्द परत येऊ शकतात." जिच्या तोंडापुढे अख्खी कॉलनी हात जोडायची, तिनं एक शब्द बोलावा म्हणून आता मी हात जोडते. शिवी दे बाई, पण बोल!

पहिला किस्सा फादरच्या मराठीचा. फादर केरळहून नवेनवे आले होते. 'प' आणि 'ब' त्यांना सारखेच. पहिल्याच रविवारी वेदीसमोर दोन्ही हात पसरून, अगदी भरल्या गळ्यानं म्हणाले, "हे प्रभू, आमच्या बापांची क्षमा कर!"

आम्ही माना खाली घालून हसू दाबतोय. तेवढ्यात पहिल्या बाकावरून मावशी, "पापांची, फादर! बापाईनं काय केलं?"

फादर "थँक्यू" म्हणाले आणि पुन्हा तेच, "बापांची!" पुढे कितीतरी रविवार हेच. फादर चुकायचे, मावशी दुरुस्त करायची, आणि आम्हाला तर तो प्रार्थनेचाच भाग वाटायला लागला. मग फादर संध्याकाळी मावशीच्या अंगणात खुर्ची टाकून "पाप, बाप, पाप, बाप" घोकायचे. आज त्यांची मराठी ऐकून नवीन माणूस विचारतो, "फादर आपल्या मोर्शीकडचे का हो?" ती चूक तर कधीच सुटली.

कन्फेशनचं काय सांगू! आत कबूल केलेलं पाप फादर कुणाला म्हणजे कुणाला सांगत नाहीत. पण मावशी आत गेली की त्यांनी सांगायची गरजच नसायची. तिचा आवाज असा की मागच्या बाकापर्यंत स्पष्ट! एकदा ती शेजारणीचं सांगत होती, जावेचं सांगत होती, दूधवाल्याच्या पाण्याचंही सांगून झालं. फादर हळूच म्हणाले, "मावशी, तुमचं पाप सांगा ना."

"थेच त सांगून राहिली ना जी! हे सगळे असे वागते अन् मले राग येते. थो राग माहा!"

बाहेर आम्ही तोंडात पदर कोंबून बसलेलो. आणि त्या रांगेत ती शेजारीणही होती! मावशी बाहेर आली, तिच्यासमोर थांबली आणि म्हणाली, "ऐकलं ना सगळं? माफ कर वं माय." शेजारणीला हसू आवरेना. दोघी एकाच ऑटोनं घरी गेल्या.

ऑटोवरून राखेचा बुधवार आठवला. त्या दिवशी फादर कपाळाला राख लावतात आणि म्हणतात, "तू माती आहेस आणि मातीला मिळशील." आम्ही दोघी कपाळ माखून ऑटोत बसलो. ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं.

"काकू, हा अंगारा कोन्या बाबाचा?"

मावशीनं त्याला सगळं नीट समजावलं. माणूस मातीचा, गर्व करू नये, एक दिवस मातीतच जायचं.

तेवढ्यात ऑटो एका खड्ड्यात असा आदळला की आमची डोकी टपाला लागली. ऑटोवाला म्हणाला, "काकू, या रोडनं गेलो त आजच जाऊ तिघंही!"

आणि अकोल्याचा बाप्तिस्मा! मावशीच्या नातवाचा. भर मे महिना, चर्चमध्ये पंखे गरम हवा फेकताहेत आणि पोरगं सकाळपासून भोकाड पसरून. टाकीचं पाणी तर चहा होईल इतकं तापलेलं. मावशीनं नातवाच्या घरून माठाचं पाणी आणलं होतं. आमच्यासोबत अकोल्याला आलेल्या फादरनं पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तीनदा डोक्यावर ओतलं, तर पोरगं एकदम चूप. मग खुदकन हसलं!

मावशी म्हणाली, "फादर, आनखी एक डाव ओता. हे अकोल्याच्या उन्हाच्या नावानं!"

त्या दिवशी जेवताना ती मला म्हणाली होती, "देव हुशार हाये. मानसाच्या बोलन्याचा काय भरवसा? म्हनून त्यानं पानी घेतलं, तेल घेतलं, भाकर घेतली. तोंड बंद पडलं तरी हे पोचते." पाणी, तेल, भाकर. घरात असतं तेच देवानं मागितलं, याबद्दल मला त्याचे फार आभार मानावेसे वाटतात. आणि मावशीचेही, कारण हे मला तिनं शिकवलं.

परवा फादर घरी आले. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार करायला. मी पलंगाशेजारी मेणबत्ती लावली. मावशी डोळे मिटून पडलेली. फादरनं तिचा हात हातात घेतला, आणि तेलाआधीची क्षमेची प्रार्थना सुरू केली.

"हे प्रभू, आमच्या बापांची क्षमा कर."

मी दचकून वर पाहिलं. फादर थांबले. मग जरा मोठ्यानं, पुन्हा, "बापांची क्षमा कर."

मावशीचे डोळे उघडले. कपाळाला आठी पडली. वाकडं झालेलं तोंड हललं.

"पा..."

फादर तिच्याकडेच पाहत होते. तिसऱ्यांदा म्हणाले, "बापांची..."

"पा... पापांची!"

मी तिथेच खाली बसले आणि ढसाढसा रडले. फादर "हो मावशी, पापांची," म्हणाले आणि तिच्या कपाळाला, मग दोन्ही तळहातांना तेल लावलं.

त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा मला राहवलं नाही. विचारलं, "फादर, खरं सांगा. चुकलात, की मुद्दाम?"

फादरनं स्कूटरला किक मारली.

"मले कुठी येते मराठी, बाई!"