मंगलबाईंची मांडी

वजन कमी करायला निघालेल्या तीन निवृत्त शिक्षिका एकत्र आल्या, की वजन घटो वा न घटो, किस्से मात्र वाढतातच! लातुरातील आमच्या पहाटफेरीत मी, शकुंतलाबाई आणि मंगलबाई.

फेरीचे कारण मंगलबाईंचे गुडघे. मांडी घालता येईना, म्हणून रोजची शिवपूजा खुर्चीवर आली. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर ऑपरेशन." मंगलबाईंना दुःख वेगळेच होते. "खुर्चीत बसून देवाचं इन्स्पेक्शनच करायले की मी!"

डॉक्टरांचा दुसरा आदेश : बोलताना धाप लागेल इतके भरभर चाला. शकुंतलाबाई जागीच थांबल्या. "बोलायचंच नाही, तर चालायचं कशाला?"

मी नियम घातला : ताट लहान करा. शकुंतलाबाईंनी तो तंतोतंत पाळला. त्यांची सून मला भेटून म्हणाली, "हाव, ताट लहान झालं. पण वाढून वाढून माझा हात लांब झाला!"

मंगलबाई वजनकाट्यावर चष्मा काढून उभ्या राहत. "त्याचं वजन मी का सोसू?" मग आकडा दिसत नसे, आणि त्या समाधानाने खाली उतरत.

तरीही फेरी एकदाही चुकली नाही. मग आली येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी सारे लातूर रानात जेवते. डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. घरच्या रानात गेलो तर खाणे अटळ, म्हणून मी ठरवले की चाकूरच्या रस्त्याने नुसते चालत राहायचे. येळवसेला वाटसरूलाही उपाशी जाऊ देत नाहीत, एवढेच माझ्या नियोजनातून निसटले!

पहिल्याच बांधावरून हाक आली, "ओ बाई, कुटं चाललाव? या की जेवायला!"

मंगलबाईंनी हुकमी उत्तर दिले, "मला खाली बसता येत नाही हो. गुडघे!" त्या सुटल्या. पुढच्या रानातही तसेच. शकुंतलाबाई दोन्हीकडे जेवल्या. "नाही म्हटलं तर बिचाऱ्यांना वाईट वाटतं."

तिसऱ्या रानात कडब्याच्या खोपीपुढे भज्जी रटरटत होती. मी पाय धुऊन येईपर्यंत मंगलबाईंच्या हातात उंडा होता. तेवढ्यात शेतकरीणबाई कुठून तरी खुर्ची घेऊन धावत आल्या. "शेजारच्या रानातून हाळी आली, तुमाला खाली बसता येत न्हाई म्हनून."

"कुठलं येतंय, बाई!" मंगलबाई घास गिळत म्हणाल्या. "मांडी घालून वर्ष झालं."

शेतकरीणबाई खुर्ची तशीच हातात धरून खाली बघत राहिल्या.

"मंग ही मांडी कुनाची हाय?"